डोळ्यांत तेल

नार्वाच्या अलीकडे, आमच्या गावात दगड जळतो.
टॅलिनच्या ऑफिसात हे सांगितलं
की लोकांना वाटतं मी अलंकारिक बोलतेय.
खरंच जळतो. तपकिरी, पापुद्र्यांचा,
काडी लावली की आधी धूर, मग तेलाचा वास.
माझ्या बापाने अठ्ठावीस वर्षं
जमिनीखाली वाकून तो वर पाठवला,
आणि उरलेल्या राखेची टेकडी झाली,
जिच्यावरून आम्ही पोरं स्लेज सोडायचो.

मी सुरुवात केली टेबलांखालून.
फर्निचरच्या दुकानात, गुडघ्यांवर,
आठ तारा रंगांनी ओळीत लावत,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
एक जागची हलली की सगळं दुकान मुकं.
रात्री स्वयंपाकघरात भंगारातला राउटर,
वहीत सबनेटची आकडेमोड,
पेन्सिलीचं टोक चावून चावून सपाट.
पहिल्या परीक्षेत नापास.
दुसऱ्यांदा फी भरली
आणि तो हिवाळा जुन्याच बुटांत काढला.
बाप विचारायचा,
रिम्मा, यात माल कुठे असतो?
म्हणजे वजन करता येईल असा?

आता माझा महिन्याचा पगार
त्याच्या वर्षाच्या पेन्शनच्या जवळ जातो.
आकडा सांगितला तेव्हा त्याने चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
बसायचे एवढे?
बसायचे नाही, पप्पा, जागायचे.
मग खाणीतही जागेच होतो की आम्ही, म्हणाला,
आणि खोकत बाल्कनीत गेला.

जानेवारी. बाहेर उणे चोवीस.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
चाळीस हजार ओळींत एक ओळ
जरा जास्तच सभ्य वाटली.
कुणीतरी दार वाजवत नव्हतं,
नुसती कडी हलवून बघत होतं,
दर नव्वद सेकंदांनी, न कंटाळता.
आमच्याकडे गिऱ्हाइकाला नाव नसतं, क्रमांक असतो.
पण पंपांना नावं होती, रस्त्यांची,
आणि तिसऱ्या पंपाच्या रस्त्यावर माझी शाळा होती.

गावाचं बॉयलर-घर.
पासवर्ड कारखान्यातून आला तोच,
खोक्यावर छापलेला,
अकरा वर्षं कुणी हात न लावलेला.

मी पोर्ट बंद केला. हात थरथरले, पण नंतर.
ड्युटीवरच्या इंजिनिअरला उठवलं,
वालेरी नाव, आधी रशियनमध्ये मनापासून शिव्या,
मग माझे उच्चार ऐकून गप्प.
कुणाची गं तू?
आर्कादीची.
तिसऱ्या पाळीतल्या? ज्याच्या डब्यात कायम हेरिंग?
त्याच्याच.
मग मी एकेक अक्षर सांगत गेले
आणि तो दोन बोटांनी टाइप करत गेला,
मोठ्याने, एखादं मूल धुळाक्षरं म्हणतं तसा.
त्या रात्री गावात कुणाचीही भिंत थंड पडली नाही.
अहवाल दीड पानाचा झाला.
उर्मासने त्याखाली एक शब्द लिहिला: ठीक.

रविवारी बापाचा फोन.
गुरुवारी रात्री रेडिएटर दोन मिनिटं खोकला गं,
माझ्यासारखाच.
मी सही केलेल्या कागदावर लिहिलंय
काय काय बोलायचं नाही.
हवा अडकली असेल, म्हटलं.
हो, हवाच, तो म्हणाला.
आणि मग, पैसे वेळेवर देतात ना?
देतात.
कशाचे, ते मात्र मला मरेपर्यंत कळणार नाही.

त्याने दगडातून काढलेलं तेल
मी डोळ्यांत घालून बसते
हे त्याला कसं सांगू.

या आठवड्यात त्याचं पार्सल आलं.
शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी,
झाकण त्याच्या हातांनी आवळलेलं.
ऑफिसात चौघांनी जोर लावून पाहिला.
अजून तशीच आहे,
माझ्या स्क्रीनशेजारी.