फ्रीजखालचं दान

औलूच्या नदीमुखाशी बर्फ चौकोनी कापलाय.
आतलं पाणी काळं, जेवणाच्या टेबलाएवढं.
नियम एकच: पाण्यात उभा राहशील
तेवढा वेळ तुझा. बोल.

साम्प्सा उतरतो. घोटे, गुडघे,
कंबरेला थंडी चावते आणि आवाज
एक पट्टी वर जातो.
काठावर तीन परीक्षक, कपांतून वाफ.
मी टॉवेल धरून.

"माझी कल्पना म्हणजे एक टेबल आहे."

ते टेबल मला ठाऊक आहे.
तिसऱ्या मजल्यावरचं, एका लंगड्या पायाखाली
रसायनशास्त्राचं पुस्तक सरकवलेलं.
सात हिवाळे आम्ही पाच जण त्याच्याभोवती.
साम्प्सा पुठ्ठ्याच्या आडोशामागून म्हणायचा,
दार उघडतं. आत कुणीतरी आधीच बसलंय. काय करता?
आणि आम्ही,
ज्यांना दंतवैद्याला साधा फोन लावायचा
तर अर्धा तास धीर गोळा करावा लागे,
पुलाच्या जकातीवरून राक्षसाशी घासाघीस करायचो.

मी चोर होते. इर्या वैद्य.
यालमारी म्हातारा मांत्रिक, एकच मंत्र धड येणारा,
तोही माशांवर.
हेल्वीचं दर शनिवारी नवं नाव.

मग पांगलो.
इर्या बर्फ फोडणाऱ्या जहाजावर इंजिनात,
हेल्वी पोर्तोला, यालमारीला जुळ्या मुली.
टेबलावर साम्प्सा मोजे वाळत घालू लागला.

"पडद्यावर पाच खुर्च्या," दात वाजतायत त्याचे,
"कोण कुठेही असो. फाशाचा आवाज
लाकडावरचाच. मी आमच्या टेबलाचा घेतलाय."
"पैसे कोण देणार?"
"जो आडोशामागे बसतो तो. महिन्याला सहा युरो."
परीक्षक लिहून घेतात. इथवर बरं चाललंय.
इथेच थांब, मी मनात म्हणते.

"आणि चाळीस दानांतलं एक
टेबलावरून खाली पडतं."
"पडतं म्हणजे?"
"दिसेनासं होतं. सगळ्यांचे पडदे काळे.
प्रत्येकाला एक टॉर्च. मिळून शोधायचं."

लोकरी टोपीवाली बाई हसते, वाईट हेतूने नाही.
"ही तर चूक झाली. दुरुस्त करून या, मग बोलू."

तिला फ्रीज ठाऊक नाही.
वीस बाजूंचा फासा घरंगळत त्याच्याखाली गेला
की आम्ही पाचही जण पोटावर.
धूळ, एक वाटाणा, सायकलची हरवलेली किल्ली.
राक्षस वर तलवार उगारून तसाच ताटकळत.
हेल्वीनं तिथेच सांगितलं होतं,
वर्षभर ती एकाही वर्गाला गेलेली नाही.
फरशीला गाल लावून माणूस जे बोलतं
ते खुर्चीत बसून बोलत नाही.

चार मिनिटं. ओठ निळे.
'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं,
बाहेर येऊन वाद घालता आला असता.
"ते काढणार नाही," साम्प्सा म्हणाला
आणि शिडी त्याला दोनदा सापडली नाही.

बक्षीस सौनाच्या दगडांचं तापमान
फोनवर सांगणाऱ्या यंत्राला गेलं.
चांगलं यंत्र आहे. माझ्या मावशीनं घेतलंय.

शनिवारी रात्री पाच खुर्च्या उजळल्या.
इर्याचं जहाज कुठल्याशा बर्फात,
तिचं दान येईपर्यंत दोन-दोन मिनिटं जायची.
आम्ही थांबायचो. यालमारी कुजबुजत मंत्र म्हणत होता,
मुली नुकत्याच झोपलेल्या.
साम्प्सा मध्येच शिंकायचा, राक्षसाच्या आवाजात.

मग इर्याचा फासा आला, लाकडावर घरंगळला,
घरंगळतच राहिला,
आणि अंधार.

कुणी काही बोललं नाही.
पाच टॉर्च कोपरे चाचपत होते.
कुठल्या तरी कोपऱ्यातून हेल्वी म्हणाली,
"सापडायच्या आत
मला एक सांगायचंय."