इफेक्ट्स

हल शहरात, हेसल रोडमागच्या एका गल्लीत
विल्फ स्टॅदर्स मार्चमध्ये वारला.
वारस म्हणून कुणी पुढे आलं नाही,
तेव्हा कौन्सिलची लोरेन ब्लेंकिन आली,
हातमोजे घालून, तीन पानी फॉर्म घेऊन.
फॉर्मच्या माथ्यावर छापलेलं:
पर्सनल इफेक्ट्स.

एरवी या शब्दाचा अर्थ परिणाम.
गोळीचा होतो तो, दारूचा होतो तो.
कायदा लागू झाला की कागदावर हाच शब्द,
आणि नाटकात वीज कडाडते
ती पडद्यामागे कुणी पत्रा हलवतं म्हणून, तोही हाच.
पण माणूस गेला
की शब्दाच्या शेपटीला एक एस लागतो
आणि अर्थ होतो चष्मा, घड्याळ, दातांची कवळी.
जणू माणूस हे कारण होतं
आणि कवळी हा त्याचा परिणाम.

लोरेन असलं काही मनात आणत नाही.
बावीस वर्षं ती लिहिते आहे.
खुर्ची एक, डावा हात झिजलेला.
भरती-ओहोटीची वेळापत्रकं, एकोणीस,
(मोजायला तिने दोरी सोडली)
बोटीवर जाणं संपल्यानंतरचीसुद्धा,
दर वर्षी विकत घेतलेली.
पिंजरा. पक्षी नाही, आरसा आहे.
किल्ली, घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी.
किमतीच्या रकान्यात ती शून्य काढते,
सावकाश, गोल,
घाईतलं शून्य बरं दिसत नाही.

तिची आई बँकेत होती.
खात्यात पैसे नसले, आई सांगायची,
की चेकवर लिहायचे नो इफेक्ट्स
आणि पाठवायचे परत.
लहानग्या लोरेनला वाटायचं, किती लागेल असं बोलतात लोकांना:
तुमचा कशावर काही परिणाम नाही.

चारच्या सुमारास दार वाजलं.
चाळीस नंबरची जोन पेटफील्ड,
हातात ड्रिल, वायर नीट गुंडाळलेली,
मागे नातू, शाळेच्या बुटांत.
हे त्याचं, ती म्हणाली. माझ्याकडे होतं.
अकरा वर्षं.

माझ्या भाषेत इथे जरा रेंगाळता येतं.
आमच्यात त्यांच्या 'हॅव'ला जोडीचं क्रियापदच नाही.
त्याचं म्हणजे त्याचं,
आणि माझ्याकडे म्हणजे नुसतं माझ्या बाजूला,
ऊन दुपारचं भिंतीकडे असतं तसं.
शेवटी सगळं 'कडे'चंच निघतं.
'चं' पुसायला मात्र
कुणाला तरी पगार द्यावा लागतो.

लोरेनची सही होऊन गेली होती.
फळी लावायला आला, जोन सांगत राहिली,
मधेच चहा झाला, मग मॅच लागली टीव्हीवर,
ड्रिल राहून गेलं ते गेलंच.
फळी आहे अजून.
वर अख्खा डिनर सेट आहे, तसूभर सरकली नाही.
फळी कुणाची, असं लोरेनने विचारलं नाही.
पेन मात्र थांबलं.

तोवर वेळापत्रकांचा गठ्ठा जमिनीवर घसरला.
पोरगं वाकलं, त्याने दोरी उचलली,
एक फास, खालून वर, मागून वळसा,
परत खाली, आणि ओढून बघितली.
विल्फने शिकवली, तो म्हणाला, कुणी न विचारता.
कितीही ताण द्या, सुटत नाही,
आणि आपल्याला सोडायची असली की लगेच सुटते.

फॉर्मवर असला रकाना नव्हता.
सहीच्या खाली तिने लिहिलं:
ड्रिल, एक. दोरी, एक.
मग जरा वेळाने, पूर्णविरामाचा स्वल्पविराम करून:
गाठ मारलेली.
किमतीपाशी पेन टेकलं, शाईचा ठिपका उमटला.
त्याचं शून्य तिने केलं नाही.

आणि जोनला विचारलं,
चालतं का हो अजून?