डॉट थ्री

झाकणावरचं ग्रीस पुसलं तेव्हा दिसलं: डॉट थ्री.
दुकानदार पाचची बाटली पुढे करतो,
जांभळं, महाग.
गाडीखालून मन्सूर मिस्त्री:
"ते नको. जुन्यात मिसळत नाही.
फार तर चार."

जुनं निघालं कोऱ्या चहासारखं.
रे रोडची दमट हवा पीत बसलेलं,
तीन वर्षं.
म्हणून परवा पुलाच्या उतारावर
मागे अठरा काचा
आणि पेडल गेलं थेट पत्र्याला.
हँडब्रेक होता म्हणून.

"दाब. धर. सोड."
"दाब. धर."
कितव्या वेळी कोण जाणे,
पायाखाली काहीतरी
नाही म्हणालं.

बाटलीचा ओघळ फाळक्यावर,
पुसायचा राहिला.
सकाळी निळा रंग फुगून सुटलेला,
खाली आधीच्या मालकाच्या हिरव्यात
पांढरं, अर्धवट:
बर्फ