अर्धा आटा

राळेगाव रोडवर, जिनिंगच्या मागं माझं गॅरेज.
पियुष ठमकेनं तिथंच चार वर्षं
पाइपाला पाइप जोडत केली ती गाडी:
दोन माणसांची, बिनदाराची,
जमिनीपासून वीतभर वर.
पाचशे दहा किलो, पेट्रोलसकट.
पोटात आठशेचं थकलेलं इंजिन,
पण वळताना मुंगूस.
डोकं, अंग, शेपटी, सगळं एकाच हालचालीत.

"मिस्त्री, हिले ताकद पायजे."

मी नको म्हटलं.
मग मीच बसवलं,
वडकीच्या उलटलेल्या जीपचं डिझेल इंजिन.
सरळ रस्त्यावर काय पळाली!
मोहदा फाट्यापर्यंत मलेही खरं वाटलं.
मग कालव्याचं वळण आलं.
पियुषनं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं,
चाकं वळली,
गाडी वळली नाही.
गेली नाकासमोर, बाबाराव चिडामच्या तुरीत.

बाबाराव आले, शिव्या न देता उकिडवे बसले
आणि बोनेटखाली वाकून पाहत राहिले.
बावीस वर्षं शंकरपटात छकडा हाकलेला माणूस.
"बैल मोठा जुपला तुमी,
पण छकडा दाबात आला ना बाप्पा.
मागं उलाल झाला तं बैलाचा गळा,
पुढं दाबात आला तं बैलाची मान.
धुरी कशी पायजे?
बोटानं उचलली पायजे, उडाली नाय पायजे."
मग तुरीचे बाराशे मागितले. मोजून घेतले.

डिझेल उतरवलं.
यवतमाळच्या भंगारातून एस्टीमचं आणलं, तेराशेचं.
आधीपेक्षा बावीस किलो जास्त.
ताकद जवळजवळ दुप्पट.
या बावीस किलोंनी माझे सतरा दिवस खाल्ले.

जिनिंगमधून कापसाचे चार काटे उसने आणले,
एकेका चाकाखाली एकेक.
सीटवर पियुषऐवजी सरकीची पोती,
एकसष्ट किलो, बरोबर त्याच्याएवढी.
(पियुष स्वतः बसून हलत होता, म्हणून.)
बॅटरी सीटमागं नेली.
मधला पत्रा कापून इंजिन चार बोटं मागं सरकवलं.
हॉर्न काढला, मग लावला, पोलिसांसाठी.
ब्रेक त्याच एस्टीमचे घेतले,
कारण पळणं वाढलं की
त्याआधी थांबणं वाढवावं लागते.
पुढं उजवीकडं सात किलो जास्त.
स्प्रिंगची चकती अर्धा आटा खाली.
आता मागं डावीकडं चार.
एका कोपऱ्याले हात लावला
की तीन कोपरे बोलायचे.
रात्री दोन वाजता सरकीच्या वासात
मी त्या चार काट्यांसमोर बसलो होतो,
भांडणाऱ्या चार भावांच्या मधोमध
बसल्यासारखा.

पहाटे कालव्यावर नेली.
पियुष गाडीत, मी पुलावर.
आवाज आधी आला. गिअर एक खाली,
ब्रेक, क्षणभर नाक वाकलं,
आणि मग, कसं सांगू,
ती वळणात शिरली
जशी सुई कापडात शिरते.
मागची चाकं थोडी सैल झाली,
विचारल्यासारखी,
आणि पियुषनं हो म्हटल्यासारखी सावरली.
तुरीच्या धुऱ्यावर बाबाराव उभे होते.
त्यांनी फक्त एक बोट वर केलं.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती.
ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीखाली मी एक बोल्ट लावला होता.
पट्टी तळाले टेकायची नाही,
थोडी ताकद शिल्लक राहायची.
पोरगं चोवीसचं. रस्ता रात्रीचा. मधातच नीलगाय.
त्याची गाडी, माझी चोरी.

पोळ्यानंतर तो गॅरेजमध्ये आला.
चहा घेतला, साखर कमी म्हणाला,
बराच वेळ पाने पाहत राहिला.
"मिस्त्री, बोल्ट सापडला."
मी हातावरचं ग्रीस पुसत राहिलो,
पुसून झालं तरी.

"काढला नाय," तो म्हणाला.
"फिरवला थोडासा.
अर्धा आटा."