बेचाळिसावी लादी

घर पुढच्या आठवड्यात पाडायचं.
वारस सिंगापूरला. त्यांनी फोनवरच सांगितलं,
लाद्या काढून घ्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.
म्हणून सिऊ-गेक आली आहे करवत घेऊन,
सोबत मोठं पातेलं,
भाचा आणि भाच्याची गॅसची शेगडी.

लादी ठोकून निघत नाही.
ती विटेसकट कापायची, पाण्यात शिजवायची,
दोन दिवस, तीन दिवस, मंद आचेवर,
हाडावरचं मांस सुटतं तसा
चुना सुटेपर्यंत.
किनमेन बेटावर हे काम करणारे आणखीही आहेत,
घाई न करणारी ही एकटीच.

तिसऱ्या दिवशी पहिली लादी हाताला लागते.
दोन पीच, एक उकललेलं डाळिंब,
गुलाबी असा की आत्ताच कुणी धुऊन ठेवलं.
पाठीवर जपानी कारखान्याचा शिक्का.
आपण जिला चिनी माती म्हणतो
ती या चिनी घरात आली ती अशी,
जपानात भाजून, सिंगापूरच्या पेढीवर मोजून,
रबराच्या पैशांत.
खू बेंग-तिआमने पाठवली होती, सोबत दोन ओळी:
दारावर बसवा. लोकांना दिसू द्या.

लोकांना दिसलं.
बायकोला तो दिसला लग्नानंतरचे अकरा दिवस,
पुढे नुसत्या लाद्या.
डाळिंब म्हणजे पोरंबाळं, असं म्हणतात तिकडे.
ती रोज ओल्या फडक्याने पुसायची
एकेक दाणा.

मग जपानी शिपाई आले.
त्यांच्याच मुलखाचा शिक्का पाठीशी लपवून
भिंत त्यांच्याकडे बघत राहिली.
ते गेले. दुसरं सैन्य आलं,
त्याने दारं उचकटून नेली खंदकांसाठी.
लाद्या राहिल्या,
त्यांनी ना गोळी अडते ना थंडी.
पुढे कितीतरी वर्षं विषम तारखांना
समुद्रापलीकडून तोफा.
सम तारखांना लोक कपडे वाळत घालायचे,
लग्नं उरकायचे.
कुठल्याशा विषम संध्याकाळी
एक लादी गेली.

सिऊ-गेक मोजते. एक्केचाळीस.
पुन्हा मोजते.
चौकटी बेचाळीस आहेत, आणि रिकामी एकही नाही.

वरच्या डाव्या कोपऱ्यात
ती लादी नव्हेच.
सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट,
गाड्यांना फासायचा हिरवा,
भिंतींवर घोषणा लिहायचा तांबडा.
इथे मुक्कामाला असलेला कुणी शिपाई
पीच काढायला गेला असणार,
पण हात त्याचा गावाकडे वळला.
झाली मिरची. वाकड्या देठाची, चांगली भरलेली.
खाली तारीख. सम.

भाचा म्हणतो, ही खोटी आहे मावशी, राहू दे.
खरंच, ही शिजवायची सोय नाही,
पहिल्या उकळीलाच रंग जाईल.

ती शेगडी बंद करते.
कंदिलाच्या उजेडात रात्रभर
चार विटा धरून चौकोन कापते,
नखाएवढा टवका उडतो, तोही वेचून
रुमालात बांधते.

सकाळी स्कूटरवर मागे भाचा,
मांडीवर वीस किलोंची मिरची.
खड्डा आला की ती मागे न बघता म्हणते,
धर.