ना-देय

सड्यावरच्या स्टोअरमध्ये
वळवईकर यादी वाचतात
आणि मी एकेक वस्तू टेबलावर ठेवतो.
लाल पार्का, एक. आतली लोकर, दोन जोड.
बूट.
बुटांच्या तळव्यात अजून थोडी खडी अडकलेली,
जिथून काहीच उचलून आणायचं नसतं तिथली.
वळवईकर ती कागदावर झटकतात,
पुडी बांधावी की काय अशा नजरेने बघतात,
मग खिडकीतून खाली,
एप्रिलच्या उन्हात.

बंदरावरून कोळशाची पूड येते, गजांवर बसते.
मी घामाने निथळतोय
आणि हातात उणे तीसचा हातमोजा.
"एकच?"
एकच.
दुसरा इंधनाच्या नळीचा वायसर बदलताना सुटला,
बर्फावरून पळत गेला, बोटं हलवत,
आत कुणाचा तरी हात असल्यासारखा.
मी बघत राहिलो. पाना सोडता येत नव्हता.
फॉर्मवर कारणासाठी दोन बोटं जागा.
मी लिहितो: वारा.
वळवईकर ते खोडून लिहितात: हरवला.

निघायच्या दिवशी तसं काही घडलं नाही.
कचऱ्याची पिंपं मोजली, सत्तेचाळीस.
तिथं आपलं काही मागं ठेवायचं नाही,
चहाचा चोथासुद्धा नाही,
हे कुंजुमोन रोज सांगायचा, भात उपसता उपसता.
मशीनघराला कुलूप नव्हतं,
त्यामुळे सोपवायला किल्लीही नव्हती.
तोंबाला मी एवढंच म्हटलं,
तीन नंबर पहाटे खोकतो. घाबरू नकोस.
तो आवाज त्याचाच.
त्याने मान हलवली.
त्याची सबंध रात्र अजून यायची होती.

आमची एकच आली, तीही अर्धीमुर्धी,
फेब्रुवारीत.
नेगी बाहेरून ओरडला, चांदणी!
पत्ते तसेच टाकून सगळे धावलो.
तीन महिन्यांचा उजेड डोळ्यांत साचलेला,
आणि वर एक टिपका, नीट दिसेनासुद्धा.
कुणीतरी हळूच म्हणालं,
दारातला दिवा घालवा रे.

बसमध्ये कंडक्टर सुटे मागतो.
पाच महिने नाण्याला हात लागलेला नाही,
मी ओंजळ पुढे करतो, तो त्याला हवे ते उचलतो.
तिथे वास तीनच होते:
डिझेल, माणसं, कुंजुमोनचा कढीपत्ता.
इथे पुढच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीत
पिकून फुटलेले बोंडू,
मागे सुके बांगडे,
अबोलीच्या वळेसराला वास नसतो म्हणतात,
मला तोही येतो.
बायण्याच्या वळणावर मी तोंड रुमालाने झाकतो.
बाईला वाटतं, मला उलटी होणार.
ती खिडकीची जागा देते.

शर्वाणी विचारते, पेंग्विन चावतात का?
मग विचारते, आता कुठल्या कामाला जाणार?
चिखलीच्या यार्डात, म्हणतो मी,
बार्जची इंजिनं.
ती जरा गप्प होते. शाळेत सांगण्यासारखं
यात काही नाही.

रात्री वीज जाते.
पंखा थांबायच्या आत मी उभा,
हात भिंतीवर पार्का शोधतो,
खुंटीला शर्वाणीचं दप्तर.
कान लावतो: एक नंबर नाही. दोन नाही.
तीनही नाही.
वीस मिनिटं असतात अशा वेळी.
मग पाण्याचे पाईप गोठतात,
मग फुटतात,
मग बावीस माणसं.

"झोपा," सुलक्षा म्हणते, "येईल."
ती जुन्या पेपराने वारा घालते,
आधी मुलीला, मग मला.
दाखला मिळाला, मी तिला सांगतो,
हातमोज्याचे सहाशे चाळीस कापून.
"एकाचेच ना?"
जोडीचे.
खाली बार्रेटोंच्या पायरीवर कुणीतरी हसतं,
पेले वाजतात, कुत्रं भुंकून थकतं.
मी अंधारात मोजतो आहे.
अठरा.
एकोणीस.
सुलक्षाचा हात सैल होत जातो,
पेपर माझ्या छातीवर राहतो.
वीस.
एकवीस.
काही फुटलं नाही.