सादळ

वर्षाचे शेवटचे चार दिवस
मी बचावपथकाच्या शेडमध्ये फटाके विकते.
पैसे बोटीच्या डिझेलला जातात, गावाला ठाऊक आहे,
म्हणून कुणी घासाघीस करत नाही.

प्रत्येकाला तेच सांगते.
हातमोजे लोकरीचे घाला, नायलॉनचे वितळतात.
बादली पाण्याची ठेवा, बर्फाची नको.
फुलबाजी विझली तरी तिची तार
बराच वेळ रागात असते.
बुडवा. चर्र ऐकू आलं
की मगच ती गेली असं समजा.

केटिल तीस तारखेला येतो, मी कुलूप शोधत असताना.
दर वर्षी एक लाल हातमशाल घेतो
आणि दर वर्षी विचारतो :
पाण्यात जळते का ही?
जळते, मी म्हणते.
हिचा श्वास हिच्या पोटातच भरलेला असतो.
हवेपुढे हात पसरावा लागत नाही हिला.
तो मान हलवतो, सुटे पैसे मोजून ठेवतो.

यंदा मी त्याच्या मागोमाग गेले.
साडेतीनलाच अंधारलं होतं.
पाऊस इथं वरून पडत नाही,
बाजूनं येतो, कानात शिरतो.
धक्क्याच्या टोकाला त्यानं टोपण ओढलं.
आधी त्याचं मनगट लाल झालं, मग दाढी,
मग मागची सगळी जाळी, दोर, मासळीच्या रिकाम्या पेट्या.
थेंब ज्योतीपर्यंत पोचायच्या आधीच वाफ होत होते.

मग तो गुडघ्यावर बसला
आणि मशाल तोंडाकडून समुद्रात घातली.

विझली नाही.
पाणी आतून पेटलं.
खांबाला चिकटलेले शिंपले दिसले, शेवाळाचे केस,
तळाशी कुणाचा तरी एक रबरी बूट.
धुराचे बुडबुडे वर येऊन
एकेक करून फुटत राहिले.
"बघ," केटिल म्हणाला, "पाणी नव्हतं ते."

मी काही बोलले नाही.
सहा वर्षांपूर्वी त्याच्या भावाची, ऑर्मुरची, तराफा-होडी सापडली
तेव्हा तिच्यात दोन मशाली होत्या.
दोन्हींची टोपणं ओढलेली.
आतली दारू भिजल्या पावासारखी.
अकरा हिवाळे त्या इंजिनाच्या फळीखाली पडून होत्या
आणि दर वसंतात केटिल म्हणायचा :
अजून एक वर्ष निघेल की.
विक्रीची वही माझ्याकडेच असते.
त्या अकरा वर्षांत त्याचं नाव तिच्यात नाही.
हे मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे,
आणि म्हणून तो दर वर्षी माझ्याकडेच येतो.

लाट समोरून येते.
दिसते, आवाज करते, माणूस दार तरी लावून घेतो.
ओल आली कधी, ते कुणी पाहिलेलं नसतं.
झाकण घट्ट होतं, तारीख वाचता येत होती,
वजनही तेवढंच.
फक्त हात लागेल त्या दिवशी कळतं
की आत केव्हाचं सादळलंय.

मशाल संपली. समुद्र पुन्हा काळा झाला,
आधीपेक्षा जास्त काळा वाटला.
त्यानं तिची नळी खिशात घातली, कचऱ्यात नाही.
"नव्या वर्षाच्या," म्हणाला, पुढचं राहून गेलं.

घरी इरनं गेल्या साली उरलेल्या फुलबाज्या
रेडिएटरवर ओळीनं वाळत घातल्या होत्या.
वर्षभर न्हाणीतल्या फळीवर होत्या त्या.
तारांना तांबूस गंज, राखाडी लेप बोट लागताच गळणारा.
वाळल्या म्हणजे काही पहिल्यासारख्या होत नाहीत,
मी सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला
असलं सांगून उपयोग नसतो.
अंगणात तिनं सहा काड्यापेट्या संपवल्या.

सातवी फुलबाजी पेटली.
पेटली म्हणजे, थुंकली, थांबली,
गंजापाशी अडखळली,
एक पेर सोडून पुढे पुन्हा तडतडली.
शेवटची ठिणगी गेल्यावरही
इर हात लांब करून तशीच उभी राहिली.
"अजून विझली नाहीये," म्हणाली.

तार नुसती काळी होती.
मी पायानं बादली
जराशी लांब सरकवली.